बिनबटणांचा खेळ आणि आमच्या वन्सं

रविवारी सकाळी पुढच्या खोलीचे धुतलेले पडदे आम्ही परत टांगत होतो. मी स्टुलावर, हातांत पडद्याची जड दांडी, आणि खाली दाराजवळ वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. दांडीचं डावं टोक भिंतीतल्या कडीत जाईना. वन्संनी उजवा हात कोपरात उभा केला आणि तर्जनी वर करून तिचं बारीकसं वर्तुळ काढलं. म्हणजे वर घ्या. मग त्या बोटापुढे डावा तळवा आडवा धरला. म्हणजे हळू. मी दांडी केसभर उचलली. लगेच त्यांचा हात बाजूला लांब पसरला, तळवा जमिनीकडे, आणि एकदा इकडून तिकडे फिरला. म्हणजे थांबा. टोक कडीत बसलं होतं. एवढं सगळं झालं, पण तोंडातून एक शब्द निघाला नव्हता.

घरी नवखा पाहुणा आला की त्याला वाटतं, बाई मुक्या आहेत की काय. मुक्या बिक्या नाहीत. सव्वीस वर्षं जहाजदुरुस्तीच्या गोदीत क्रेनखाली उभं राहून वन्संनी इशारे दिले. क्रेन चालवणारा उंच काचेच्या पिंजऱ्यात, आणि खाली हातोडे, भोंगे, यंत्रांची घरघर. तिथे कितीही कंठशोष केला तरी वर काय ऐकू जाणार? जे काय बोलायचं ते हातांनी. ती सवय घरी आली ती आलीच. हे म्हणतात, "माझी बहीण भांडते तीसुद्धा हातांनी. शेजाऱ्यांना काही कळत नाही ही केवढी सोय."

त्या कामाला लागल्या तीही एक गोष्टच आहे. पंचविशीत त्या जहाजांचा गंज खरवडणाऱ्या बायकांच्या टोळीत होत्या. एका दुपारी एक लोखंडी पत्रा वर उचलला जात होता आणि इशारे देणारा माणूस पाठ फिरवून कुणाशी तरी बोलत होता. पत्रा गरगर फिरायला लागला. त्याच्या बरोबर खाली एक सुतार वाकून पाटी भरत होता. गोदीत एक नियम आहे. बाकीचे इशारे ज्याचे त्यानेच द्यायचे, पण 'थांबा' कुणीही देऊ शकतो. वन्संनी खरवडणी फेकली आणि दोन्ही हात आडवे पसरले. क्रेन जागच्या जागी थांबली. संध्याकाळी चालक शिडीवरून खाली उतरला, थेट मुकादमाकडे गेला आणि म्हणाला, "ती बाई मला खाली द्या."

तेव्हापासून दोघांची जोडी. कामगारांनी त्यांची नावंच पाडली, 'वरचे' आणि 'खालच्या'. सव्वीस वर्षांत दोघांनी मिळून किती इंजिनं, किती नांगर, किती पंखे हलवले देव जाणे. बोलणं मात्र वर्षाकाठी ओंजळभर. मी एकदा विचारलं होतं, "जेवणाच्या सुट्टीत तरी बोलता का हो?" तर म्हणाल्या, "वहिनी, दिवसभर बोलतोच की. जेवताना तरी हातांना सुट्टी नको का?"

आठ महिन्यांपूर्वी नवी क्रेन आली. तिला पिंजराच नाही. चालकाने कमरेच्या पट्ट्याला बटणांचा एक डबा अडकवायचा, जमिनीवर उभं राहायचं आणि बटणं दाबायची. वरचे खाली आले आणि खालच्या गेल्या सामानाच्या खोलीत, साखळ्या आणि हूक मोजायला. मग कचेरीतून एक छापील पत्र आलं. 'मी स्वखुशीने काम सोडत आहे.' सोमवारी दुपारी बारापर्यंत सही करून द्यायचं. आठवडाभर ते त्यांच्या खोलीतल्या टेबलावर पडून होतं. शनिवारी रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "सही करते, वहिनी. बटणं आली. ह्या हातांचं काम संपलं."

मी रोज देवापुढे बसते, पण अशा वेळी देवाचे पाय धरावेत की माणसाचा हात, हे मला अजून कळलेलं नाही. मी त्यांच्या ताटात थोडा भात वाढला, झालं.

तर रविवारी दांडीचं एक टोक बसलं, दुसरं बाकी होतं, इतक्यात आमची लेक धापा टाकत जिना चढून आली. तिचा व्हिडिओ गेमचा हॉल आहे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. तिला मोजपट्टी हवी होती.

"खोली लहान पडते म्हणतात सगळे. त्या कॅमेऱ्यापासून आठ फूट लांब उभं राहावं लागतं. सोफा काढला, टेबल काढलं, आता भिंत काढू का?"

हा कॅमेरा तिने पंधरा दिवसांपूर्वी आणला होता. तो टीव्हीच्या खाली बसतो आणि समोर उभ्या माणसाकडे बघतो. हातात धरायला काही नाही, बटण नाही, कळ नाही. आपण हात हलवायचे आणि पडद्यावरचं यंत्र तसं वागतं. दुकानदाराने अट घातली होती, पटला नाही तर रविवार संध्याकाळपर्यंत परत आणा. आणि हॉलमध्ये ह्या कॅमेऱ्यावरून रोज महायुद्ध चाललं होतं.

बोलता बोलता लेकीचं लक्ष वन्संकडे गेलं. मी दांडीचं उजवं टोक उचलत होते आणि खालून आत्याचे इशारे चालू होते. लेक बघत राहिली. मोजपट्टी हातातच.

"आत्या, चप्पल घाल."

"का गं?"

"घाल म्हणते ना. आई, तूही चल. पडदा कुठे पळून जात नाही."

अर्धा पडदा तसाच लोंबत ठेवून आम्ही निघालो.

हॉलमध्ये आठ-दहा जण होते आणि सगळे एकदम बोलत होते. त्यांच्यात मुख्य तो 'अंगठा'. वीज कंपनीत कारकून आहे, तिशीचा, अंगाने काडी. कंट्रोलरवर त्याचे अंगठे असे चालतात की डोळ्याला दिसत नाहीत, म्हणून हे नाव. अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडलाय, तो अभिमानाने दाखवतो.

"हा खेळच नाही," तो म्हणत होता. "हातात काही नको? बुजगावण्यासारखं उभं राहायचं आणि हात हलवायचे? मी उजवीकडे म्हणतो, ते अर्ध्या मिनिटाने उजवीकडे जातं. तोवर मी घरी जाऊन जेवून येईन."

"नाचता येईना अंगण वाकडं," एक जाडजूड परिचारिका म्हणाली. तिला कॅमेरा फार आवडला होता. "मी तर पहिल्यांदा दहा मिनिटं खेळले आणि घाम आला. एरवी ह्या हॉलमध्ये घाम येतो तो फक्त पंखा बंद पडला की."

"घामच गाळायचा तर मैदानावर जा!"

"काळा शर्ट घातला की मी ह्याला दिसतच नाही," कुणीतरी मागून कुरकुरलं.

"बरंच आहे की. आम्हालाही दिसला नाहीस तर चालेल."

लेकीने आम्हाला खेळ समजावून सांगितला. पडद्यावर एक नदी, तिच्या काठावर एक अवजड यंत्र. त्याने लोखंडी तुळया उचलायच्या आणि पलीकडे नेऊन पुलावर बसवायच्या. एकूण पंधरा तुळया, वेळ चार मिनिटं. खुणा चार. हात वर केला की उचल, खाली केला की उतरव, बाजूला केला की त्या बाजूला ने, तळवा पुढे केला की थांब.

"चारच?" वन्संनी विचारलं. "आम्हाला अठरा आहेत."

अंगठा पुढे झाला. "बघा आत्या, आता मी दाखवतो हे यंत्र कसं बिघडलंय ते." तो उभा राहिला. पहिल्या काही तुळया भराभर गेल्या. मग त्याला नाकाला खाज आली. हात नाकाकडे गेला आणि यंत्राने तुळई नदीत सोडली. "बघा! बघा!" म्हणून त्याने दोन्ही हात उडवले, तर यंत्राने दुसरीही सोडली. नऊ तुळयांवर वेळ संपला. हॉलमधला तोच सगळ्यात वरचा आकडा.

वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, "इशारा देणाऱ्याने नाक खाजवायचं नाही. पहिला नियम."

"मग जा ना," मी म्हटलं.

"काहीतरीच काय. हात दाखवून अवलक्षण."

पण गेल्या. साडीचा पदर कमरेला खोचला, पाय खांद्याएवढे लांब घेतले आणि ताठ उभ्या राहिल्या. मी आठ महिन्यांत त्यांना अशा उभ्या पाहिल्या नव्हत्या.

पहिला डाव पार फसला. त्यांनी हात वर केला, यंत्राने तुळई उचलली. आणि वन्सं तशाच उभ्या. यंत्रही उभं. घड्याळ पळतंय.

"आत्या, पुढे!"

"अगं, त्याने भोंगा नाही दिला."

क्रेनचालक इशारा समजला की एक भोंगा वाजवतो, आणि मग खालचा माणूस पुढचा इशारा देतो. सव्वीस वर्षांची सवय. हॉलमध्ये हशा पिकला.

"आत्या, हा भोंगा देत नाही. ऐकतो, पण हूं म्हणत नाही."

"अस्सं. म्हणजे तुझ्या बाबांसारखा."

आता हशा दुप्पट झाला, पण तो वन्संच्या बाजूचा होता. त्या डावात चारच तुळया बसल्या. अंगठा मानेने 'असू दे, असू दे' म्हणाला. मोठ्या मनाने हरवायची त्याची तयारी झाली होती.

दुसऱ्या डावाला वन्संनी आधी विचारलं, "हा डोळा मला बघतो की माझ्या हातांना?"

"तुझा सगळा आकार बघतो. बारकावे नाही कळत त्याला."

"म्हणजे लांबून बघणारा बहिरा माणूस. मग असं आधी सांगायचं की. त्याच्याशीच तर बोलत आलेय."

आणि मग जे सुरू झालं ते मी कसं लिहू? त्यांनी एकही हात उगीच हलवला नाही. एक खूण पूर्ण, स्वच्छ, अंगापासून सुटी. ती पोहोचेपर्यंत हात दगडासारखा स्थिर. मग दुसरी. घाई कुठेच नव्हती, आणि तरी तुळया एकामागून एक जात होत्या. बाकीचे खेळत तेव्हा ते यंत्र दारू प्यायल्यासारखं झुलायचं. आता ते एखाद्या शहाण्या बैलासारखं चाललं होतं.

नदीकाठी छोटी छोटी माणसं फिरत होती, चित्रातली. सगळे खेळाडू त्यांच्यावरून सरळ तुळया न्यायचे, तो जवळचा रस्ता. वन्सं प्रत्येक वेळी वळसा घालत होत्या.

"आत्या, वरून ने! वेळ जातोय!"

"खाली माणसं आहेत."

"अहो, ती खोटी आहेत!"

"असतील खोटी. डोक्यावरून माल जात नाही," वन्सं म्हणाल्या, आणि हात जराही न हलवता म्हणाल्या.

अकरा तुळया. परिचारिकेने अशी शिट्टी मारली की खालच्या सायकलवाल्याने वर येऊन विचारलं, कुणाला काय झालं.

अंगठ्याचा चेहरा उतरला. "परत," तो म्हणाला. ह्या वेळी त्याने नाक खाजवलं नाही. तोही हुशार आहे, वन्सं कशा उभ्या राहिल्या ते त्याने नीट पाहिलं होतं. दहापर्यंत पोहोचला. पण अकराव्या तुळईला यंत्राच्या खांद्यानेच पुलाची बाजू झाकली. त्याला तुळईचं टोक दिसेना. अंदाजाने सोडली, ती नदीत. बारावीही नदीत. "दिसतच नव्हतं!" तो ओरडला. "दिसत नसेल तर मी काय करू?"

मग वन्सं. जिथे अंगठा अडकला तिथे त्यांनी यंत्र थांबवलं, दोन पावलं मागे घेऊन बाजूने आणलं आणि टोक दिसल्यावरच उतरवलं. बारा. तेरा. हॉलमधल्या लोकांनी मोजायला सुरुवात केली. चौदा. मी डोळे मिटून देवाचं नाव घेत होते, लेकीने मला गदागदा हलवलं, "आई, बघ!" पंधरावी तुळई खाली येत होती. वन्संचा हात खाली, बोटं जुळलेली, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. तुळई बसली. घड्याळात चार सेकंद शिल्लक होते.

लोकांनी काय आरडाओरडा केला! पूल पुरा झाला की पडद्यावर काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणाचा पूल कधी पुरा झालाच नव्हता. ती छोटी माणसं रांगेने पूल ओलांडून पलीकडे गेली. लेक आत्याच्या गळ्यात पडली. कॅमेरा परत करायचा विषयच संपला.

अंगठा मात्र हाडाचा खेळाडू. कंट्रोलर घेऊन आला. "आत्या, आता बटणांवर एक डाव." वन्सं बसल्या आणि अर्ध्या मिनिटात गारद झाल्या. बटणं शोधायला त्या चष्मा काढत होत्या तोवर डाव संपलाही होता. सगळे पुन्हा हसले, त्याही हसल्या.

मग तो त्यांच्याजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही भारी आहात, पण मला ह्यात मजा नाही येत, आत्या. दहा वर्षं ह्या बोटांना शिकवलंय. ह्यांना जे येतं ते त्या डोळ्याला दिसतच नाही."

वन्संनी त्याच्या अंगठ्यावरचा घट्टा बघितला. "बरोबर आहे तुझं. तुझी बटणं कुणी काढून घेऊ नयेत. मला विचार."

घरी आलो. राहिलेला पडदा आम्ही टांगला. रात्री ताटावर बसल्या, दोन घास खाल्ले आणि एकदम म्हणाल्या, "वहिनी, तो ओरडला ते ऐकलंत? दिसत नसेल तर मी काय करू."

"हो. का?"

"चार नंबरच्या गोदीत जहाजाच्या पोटात मोठा पंप उतरवायचाय. तीन दिवस झाले. वरची झाकणाची चौकट पंपापेक्षा वीतभर मोठी. बटणं दाबणाऱ्याला वर हूक सांभाळायचा, शिडाचा खांब सांभाळायचा. खाली पोटात काय चाललंय ते त्याला कुठून दिसणार? त्यांना मी रोज साखळ्या काढून देते आणि रोज त्या तशाच परत येतात." त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "मी सही करणार होते, वहिनी. बटणांनी माझं काम घेतलं म्हणून. पण बटणांना डोळे कुठे आहेत?"

हे जेवता जेवता थांबले. चक्क बोलले. "मग सही करू नकोस."

सोमवारी काय झालं ते वन्संनी सांगितलंच नसतं. पण संध्याकाळी त्यांच्याबरोबर एक गृहस्थ घरी आले. उंच, पिकल्या मिशा, दारात चपला काढून संकोचाने उभे. "वहिनी, मी वरचा," म्हणाले. सव्वीस वर्षांत ते पहिल्यांदा आमच्या घरी आले होते. मी चहा टाकला. त्यांनी सगळं सांगितलं आणि वन्सं शेजारी बसून ऐकत राहिल्या, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट चाललीय.

"सकाळी नऊला ही साहेबांच्या खोलीत. पत्र टेबलावर ठेवलं, बिनसहीचं. म्हणाली, सहीचं नंतर बघू, आधी चार नंबरचा पंप उतरवून देते. साहेब म्हणाले, बाई, आता इशाऱ्यांचा जमाना गेला, आता वायरलेस आहे. तर ही म्हणाली, तीन दिवस वायरलेसवर ऐकतेय मी. डावीकडे, डावीकडे. कुणाच्या डावीकडे?"

"मग?"

"मी दारातच होतो. पट्टा सोडला आणि बटणांचा डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, साहेब, बटणं मीच दाबणार, पण हिच्या हातावर. नाहीतर तुम्ही दाबा. मला खाली दिसत नाही, आणि मी आंधळेपणाने माणसांच्या डोक्यावर चार टन टांगून उभा राहणार नाही."

"बापरे! साहेब काय म्हणाले?"

"काय म्हणणार? आले बघायला. सगळी गोदी आली बघायला. ही चौकटीच्या काठावर उभी राहिली, तिथून तिला पोटातलंही दिसतं आणि मीही दिसतो. वायरलेस बंद करायला लावला. वहिनी, मी आयुष्यभर वरून बघितलेले हात, काल-परवापर्यंत मला वाटत होतं, उंचीवरून होते म्हणून कळत होते. पण आज पहिल्यांदा समोर, एका पातळीवर बघितले, तरी तितकेच स्वच्छ." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "पंप चौकटीतून गेला तेव्हा चारही बाजूंना चार-चार बोटं जागा. कुठे घासला नाही. खाली बसला. किती वेळ लागला सांगू? अकरा मिनिटं."

"बारा," वन्सं म्हणाल्या.

"अकरा. साहेबांनी घड्याळ लावलं होतं."

"साखळी सुटेपर्यंत बारा."

खालच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, जहाजावरच्या खलाशांनी वाजवल्या, आणि हे सांगताना वरच्यांनीही आमच्या बैठकीत वाजवल्या. साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम दिला. जिथे बटणवाल्याला माल दिसत नाही, तिथे खाली इशारेवाली हवीच, आणि ती हीच. शिवाय तीन नव्या माणसांना वन्संनी शिकवायचं, आठवड्यातून दोन दिवस. सामानाच्या खोलीची किल्ली त्याच दुपारी दुसऱ्याकडे गेली. ते पत्र साहेबांनी मागून घेतलं आणि फाडलं. वन्सं म्हणतात, दोन तुकडे केले. वरचे म्हणतात, चार.

"नव्यांना पहिला धडा काय देणार?" मी विचारलं.

"नाक," वन्सं म्हणाल्या.

मग लेक आली. तिला सगळं परत सांगावं लागलं. तिने अंगठ्याला फोन लावला, आणि तो पलीकडून इतक्या मोठ्याने ओरडला की फोन कानापासून लांब धरावा लागला. शनिवारी त्याला गोदी बघायला यायचंय, म्हणाला, आणि आत्याने हो म्हटलं तर बटणांचा तो डबा एकदा हातात घ्यायचाय. वरचे म्हणाले, "देतो. पण इशाऱ्याशिवाय दाबायचं नाही."

देवापुढे बसले तेव्हा आज काही मागावंसंच वाटलं नाही. नुसती बसले, मग ही वही उघडली.

सामानाच्या खोलीत वन्सं चपलेवर चालवून नेत होत्या, जहाजावर ते चालत नाही, आणि त्यांचे आधीचे बूट तळाशी फाटलेत. म्हणून उद्या कामावर जायच्या आधी त्या बाजारात जाणार आहेत, पोलादी टोकाचे बूट आणायला. सात नंबर.